फेरे मोजा: पाणीपुरवठ्याच्या जाळ्यातले महत्त्वाचे व्हॉल्व्ह कसे तपासायचे, कसे राखायचे

रात्री दोनच्या सुमारास ३०० मिमीची लाईन फुटली. नकाशाप्रमाणे चार व्हॉल्व्ह बंद केले की पाणी थांबायला हवं होतं. तीन बंद झाले. चौथ्याला चावी लावली. हा व्हॉल्व्ह ३८ फेऱ्यांत बसायला हवा. चाळीस झाले, साठ झाले, स्पिंडल (चावीने फिरणारा दांडा) लोण्यातून फिरावा तसा फिरतोय आणि खड्ड्यातलं पाणी मात्र तसंच उसळतंय. आत गेटला, म्हणजे पाणी अडवणाऱ्या पात्याला, धरून ठेवणाऱ्या नटाचे आटे गेले होते. स्पिंडल फिरत होता, गेट जागच्या जागी. पुढचा व्हॉल्व्ह डांबराखाली गाडलेला निघाला, त्यापुढचा अर्ध्यावर अडकला. शेवटी टाकीचं आउटलेट बंद केलं. एका गल्लीचं पाणी जायचं तिथे निम्म्या गावाचं गेलं.

सकाळी नोंदवही काढली. त्या चौथ्या व्हॉल्व्हपुढे सहा महिन्यांपूर्वीची नोंद होती: ‘चालू स्थितीत’. नोंद करणाऱ्याने झाकण उघडून आत पाहिलं होतं, चावी लावली नव्हती.

व्हॉल्व्ह नुसता बघून कळत नाही. तो फिरवावा लागतो, फेरे मोजावे लागतात आणि ते लिहून ठेवावे लागतात. पुढची सगळी पद्धत याच तीन गोष्टींभोवती फिरते.

महत्त्वाचा व्हॉल्व्ह कोणता?

जाळ्यात हजारो व्हॉल्व्ह असतात आणि माणसं मोजकी. सगळ्यांना सारखा वेळ देऊ म्हटलं तर कुणालाच धड मिळत नाही. म्हणून गाडी बाहेर काढण्याआधी दोन दिवस नकाशासमोर बसा.

खेळ साधा आहे. एका पाइपवर बोट ठेवा आणि विचारा: इथे फुटली तर काय काय बंद करावं लागेल? ते व्हॉल्व्ह लिहा. त्यांच्या मधला भाग म्हणजे एक तुकडा. पाणी गेलं तर त्या सगळ्या तुकड्याचं जाईल. आता दुसरा प्रश्न: यातला एक बंद झाला नाही तर तुकडा केवढा होईल? असं प्रत्येक मुख्य लाईनवर करत गेलात की काही व्हॉल्व्ह पुन्हापुन्हा यादीत येताना दिसतात, आणि काही एकदाच येतात पण ते बिघडले तर तुकडा पाचपट होतो. हे दोन्ही प्रकार तुमच्या यादीत वर हवेत.

यात एक हिशेब डोक्यात ठेवण्यासारखा आहे. समजा तुमचे दहापैकी नऊ व्हॉल्व्ह नीट बंद होतात. ऐकायला छान वाटतं. पण एका फुटीसाठी चार व्हॉल्व्ह लागत असतील तर चारही बंद होण्याची शक्यता ०.९ चा चौथा घात, म्हणजे सुमारे ६६ टक्के. दर तीन फुटींत एकदा तुम्ही मोठं क्षेत्र बंद करणार. दोनच व्हॉल्व्ह लागत असतील तर हीच शक्यता ८१ टक्के होते. म्हणूनच चौकात चार लाईन मिळत असतील तर तीन व्हॉल्व्हवर भागवायचं की चार बसवायचे, हा नुसता खर्चाचा प्रश्न नसतो.

मोठा व्यास म्हणजे महत्त्वाचा व्हॉल्व्ह, असं समजू नका. चारी बाजूंनी जोडलेल्या जाळ्यातला ४०० मिमीचा व्हॉल्व्ह एखादे वेळी नाही चालला तरी वाट काढता येते. रुग्णालयाकडे जाणाऱ्या एकुलत्या एक १५० मिमी लाईनवरचा व्हॉल्व्ह अडकला तर वाटच उरत नाही. माझ्या यादीत डोळे मिटून वर जातात ते असे: टाकीचं आउटलेट, पंपाची डिलिव्हरी, नदी किंवा रेल्वे ओलांडणाऱ्या लाईनच्या दोन्ही बाजू, दोन दाब-क्षेत्रांच्या (वेगवेगळ्या दाबाने पाणी मिळणाऱ्या भागांच्या) सीमेवरचे कायम बंद राहणारे व्हॉल्व्ह, आणि रुग्णालय किंवा अग्निशमनाला एकट्याने पाणी देणाऱ्या लाईनवरचे.

मग प्रत्येकाला दोन आकडे द्या. बिघडला तर किती नुकसान, १ ते ५. बिघडलेला असण्याची शक्यता किती, १ ते ५. गुणाकार करून उतरत्या क्रमाने लावा. शक्यतेचा आकडा देताना वय, जमिनीचा खारटपणा, चेंबरमध्ये पाणी साचतं का हे सगळं बघाच. पण जुना व्हॉल्व्हमन ‘साहेब, त्याच्या नादी लागू नका’ म्हणाला असेल तर सरळ ५ लिहा. त्याच्या हाताला जे ठाऊक असतं ते फाइलीत नसतं.

शोधणं, उघडणं, उतरणं

पहिल्या फेरीत निम्मा वेळ शोधण्यातच जातो, हे गृहीत धरा. रस्ता दोनदा उंच झालेला असतो, झाकणावर डांबर चढलेलं असतं. धातुशोधक यंत्र घ्या. सापडला की लगेच तीन कायमच्या खुणांपासून फितीने अंतर मोजा: इमारतीचा कोपरा, विजेचा खांब, पुलाचा कठडा. मोबाइलवरचं ठिकाण नोंदवाच, पण त्यात काही मीटरचा फरक पडू शकतो आणि मध्यरात्री पावसात तीन मीटर म्हणजे तीन खड्डे. झाड आणि फाटक या खुणा घेऊ नका, दोन्ही हलतात.

चेंबरमध्ये उतरायचं असेल तर इथे थांबा. बंद चेंबरमध्ये वास येत नाही म्हणून हवा चांगली आहे असं नसतं. लोखंड गंजतं तेव्हा ऑक्सिजन खातं. वर्षभर झाकण लागलेल्या कोरड्या चेंबरमध्येही तो कमी झालेला असू शकतो. शेजारच्या गटारातून हायड्रोजन सल्फाइड झिरपतो तो वेगळाच. गॅस मीटर दोरीने खाली सोडा, वर, मध्ये आणि तळाशी वाचन घ्या. ऑक्सिजन साधारण २०.९ टक्के असतो, १९.५ च्या खाली असेल तर कुणीही उतरायचं नाही, पंख्याने हवा खेळवून पुन्हा मोजायचं. वर एक माणूस कायम उभा, आणि खालचा बेशुद्ध पडला तर वरच्याने त्याच्यामागे उडी मारायची नाही. दोरीने ओढायचं, हाक मारायची. अशा अपघातांत दुसरा बळी बहुतेकदा वाचवायला गेलेल्याचा असतो. शक्य तिथे वरूनच लांब चावीने काम करा, उतरूच नका.

चेंबर कोरडं करून साफ केल्यावर आधी फक्त बघा. ग्लँडमधून (स्पिंडल बाहेर येतो तिथल्या, दोरी भरून बंद केलेल्या जागेतून) थेंब येतोय का, बॉनेटचे (व्हॉल्व्हच्या वरच्या झाकणाचे) बोल्ट गंजून बारीक झालेत का, चेंबरच्या भिंतीचं वजन पाइपवर आलंय का, स्पिंडलचं चौकोनी टोक गोल झालंय का. टोक गोल झालं असेल तर चावी निसटते, आणि जोरात निसटलेली चावी माणसाचं मनगट मोडते.

फिरवण्याआधीची तयारी

चार गोष्टी ठाऊक नसतील तर चावी लावू नका.

पहिली, बंद होण्याची दिशा. बहुतेक व्हॉल्व्ह घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने बंद होतात, पण उलटे फिरणारेही असतात आणि एकाच जाळ्यात दोन्ही प्रकार सापडतात. उघड्या व्हॉल्व्हला ‘बंद करतोय’ समजून आणखी उघडण्याकडे रेटला की स्पिंडल किंवा नट जातो.

दुसरी, अपेक्षित फेरे. साध्या, गिअर नसलेल्या स्लुइस व्हॉल्व्हसाठी (गेट वर-खाली सरकवून पाणी अडवणारा नेहमीचा प्रकार) ढोबळ नियम: इंचातला व्यास गुणिले तीन, अधिक दोन किंवा तीन. म्हणजे १५० मिमीला २० ते २१, २०० मिमीला २६ ते २७, ३०० मिमीला ३८ ते ३९. कारण सरळ आहे. एका फेऱ्याला गेट साधारण ७ ते ८ मिमी सरकतं, आणि त्याला पूर्ण व्यास पार करायचा असतो. कंपनीनुसार यात फरक पडतो. तुमचा खरा आकडा पहिल्या पूर्ण फेरीत मिळेल, तोच पुढे धरायचा.

तिसरी, तो आत्ता उघडा असायला हवा की बंद. दाब-क्षेत्राच्या सीमेवरचा बंद व्हॉल्व्ह ‘जरा फिरवून पाहू’ म्हणून उघडला तर वरच्या क्षेत्राचा दाब खालच्या घरांच्या नळांवर जातो.

चौथी, तो बंद पडला, म्हणजे उघडलाच नाही, तर पाणी कुठून देणार. जुना महत्त्वाचा व्हॉल्व्ह बंद अवस्थेत मोडू शकतो, ही शक्यता खरी आहे. टाकीच्या एकुलत्या आउटलेटवर पहिल्यांदाच हात घालत असाल तर दुरुस्तीची टोळी आणि सुटे भाग तयार ठेवून, ठरवून, कमी मागणीच्या वेळी घाला.

जुन्या लोखंडी लाईनमध्ये आतून गंजाचे थर आणि बुडाला गाळ असतो. प्रवाहाची दिशा किंवा वेग अचानक बदलला की तो सुटतो आणि नळाला तांबडं पाणी येतं. भागातल्या लोकांना आधी कळवा आणि खालच्या बाजूचा स्कॉवर व्हॉल्व्ह (गाळ-पाणी बाहेर सोडणारा) किंवा हायड्रंट (अग्निशमनाचा नळ) उघडता येतो याची खात्री करा.

चावी हातात घेतल्यावर

इथे घाई केली की व्हॉल्व्ह हातचा जातो. क्रम असा.

चावी सरळ उभी बसवा. तिरकी चावी स्पिंडलला वाकवते. बंद करण्याच्या दिशेने हलका दाब द्या आणि व्हॉल्व्ह ‘सुटतो’ का बघा. सुटला की ५ ते १० फेरे बंदच्या दिशेने, मग २ ते ३ फेरे उलट. पुन्हा ५ ते १०, पुन्हा २ ते ३ उलट. एक माणूस मोठ्याने मोजतो, दुसरा लिहितो. उलट फेरे वजा करायला विसरू नका. मोजदाद इथेच चुकते.

हे मागेपुढे करणं म्हणजे आट्यांवरचा गंज आणि खोबणीतला गाळ थोडा थोडा मोकळा करून पाण्याबरोबर जाऊ देणं. सरळ एका दमात बंद करायला गेलात तर तोच गाळ गेटपुढे दाबला जातो आणि व्हॉल्व्ह अर्ध्यावर अडकतो.

शेवटचे ५-६ फेरे उरले की वेग आणखी कमी करा. गेटखालची फट लहान झाली की तिथून पाणी जोरात सुटतं आणि बैठकीवरची, म्हणजे गेट टेकतं त्या जागेवरची, खडी-वाळू धुऊन काढतं. हे पाणीच तुमचं काम करतंय, त्याला वेळ द्या. बंद करा, ३-४ फेरे उघडा, दोन मिनिटं वाहू द्या, पुन्हा बंद करा. दोन-तीनदा असं केलं की बरेचसे ‘पास करणारे’, म्हणजे बंद करूनही पाणी जाऊ देणारे, व्हॉल्व्ह आपोआप बसतात. जुन्या, धातूच्या बैठकीच्या व्हॉल्व्हमध्ये तळाशी खोबण असते, ती गाळाने भरते; रबर चढवलेल्या गेटच्या व्हॉल्व्हमध्ये तळ सपाट असतो, त्यामुळे हा त्रास पुष्कळ कमी.

आता हाताला काय जाणवतं ते. हे कुठल्याही नमुन्यात भरता येत नाही, पण नव्या माणसाला शिकवायचं असेल ते हेच. खरखर लागत असेल आणि दर फेऱ्याला कमी होत असेल तर गंज आहे, काम चालू ठेवा. मोजलेल्या फेऱ्यांच्या बरंच आधी दगडावर आपटल्यासारखा थांबला तर खाली काहीतरी अडकलंय. उघडा, वाहू द्या, पुन्हा या. चावी सोडली की ती स्प्रिंगसारखी मागे येत असेल तर तिथेच थांबा: गेट जागचं हलत नाहीये, तुम्ही स्पिंडलला पीळ देताय, आणखी जोर लावला तर तो तुटेल. आणि चावी एकदम हलकी झाली, फेरे संपतच नाहीत, तर नट किंवा गेट सुटलेलं आहे. त्या रात्री आम्हाला भेटलेला हाच प्रकार.

जोराबद्दल एक हिशेब. दोन्ही बाजूंना ६० सेंटीमीटरचा हात असलेली चावी एका माणसाने दोन्ही हातांनी २५-२५ किलोच्या जोराने फिरवली तर स्पिंडलवर सुमारे ३०० न्यूटन-मीटरचा पीळ पडतो. मधल्या आकाराच्या व्हॉल्व्हला एवढा पुष्कळ झाला. त्यावर चावीत पाइप घालून हात लांब करणं आणि चार माणसांनी लोंबकळणं हा बऱ्याच मोडलेल्या स्पिंडलांचा इतिहास आहे. फिरवण्याचं यंत्र असेल तर पिळाची मर्यादा सर्वात कमी ठेवून सुरुवात करा आणि गरज पडली तरच एकेक पायरी वाढवा. कंपनीने दिलेली मर्यादा ओलांडायची नाही. आज सुटला नाही तर आट्यांवर तेल सोडून उद्या या.

मोठ्या व्हॉल्व्हला आणखी एक गोष्ट. ३०० मिमीच्या बंद गेटच्या एका बाजूला ५० मीटर (तेवढ्या उंच पाण्याच्या स्तंभाइतका) दाब आणि दुसरी बाजू रिकामी असेल तर गेटवर सुमारे साडेतीन टनांचा रेटा असतो. तो रेटा असताना उघडायला गेलात तर स्पिंडल आणि बैठक दोन्ही घासतात. म्हणूनच मोठ्या व्हॉल्व्हला शेजारी छोटा बायपास देतात. आधी बायपासने पलीकडची लाईन भरू द्या, दोन्ही बाजूंचा दाब सारखा झाला की मुख्य व्हॉल्व्ह उघडा. बायपास असूनही तो वर्षानुवर्षं न उघडल्यामुळे अडकलेला असतो, तेव्हा फिरवण्याच्या यादीत त्यालाही वेगळी ओळ द्या.

शेवटी व्हॉल्व्ह जसा होता तसा ठेवा. पूर्ण उघडा ठेवायचा असेल तर टोकाला टेकल्यावर अर्धा ते एक फेरा मागे घ्या, म्हणजे तो उघड्या अवस्थेत अडकून बसत नाही. बंद करतानाचे आणि उघडतानाचे फेरे जुळले पाहिजेत. ३८ फेऱ्यांनी बंद केला आणि ३१ फेऱ्यांत उघडल्यासारखा वाटला तर तो उघडलेला नाही. अर्धवट उघडा राहिलेला व्हॉल्व्ह रोजच्या मागणीत बऱ्याचदा कळतही नाही. आग लागते तेव्हा कळतो.

बंद झाला हे कशावरून?

फेरे पूर्ण झाले म्हणजे पाणी थांबलंच असं नाही. खात्री करायची तर तुकड्याच्या सगळ्या सीमा बंद करा, आतल्या हायड्रंटवर दाबमापक लावा आणि हायड्रंट थोडा उघडा. दाब शून्यावर येऊन पाणी आटलं तर छान. धार तशीच राहिली तर कुठलातरी पास करतोय. कोणता, ते शोधायला ऐकण्याची सळई प्रत्येक स्पिंडलवर टेकवा. पास करणारा व्हॉल्व्ह सुस्कारा टाकल्यासारखा आवाज करतो. रस्त्यावर रहदारी असताना हे जमत नाही, रात्रीच करा.

किंचित पास करणारा व्हॉल्व्ह लगेच बदलायची गरज नसते. खड्ड्यातलं पाणी पंपाने उपसून काम करता येईल इतपत असेल तर तो चालतो. मी त्याला नोंदीत ‘पास, काम होतं’ असं लिहितो.

घाईने बंद करण्याची किंमत

वाहतं पाणी अचानक थांबवलं की दाबाची लाट उठते. रशियन शास्त्रज्ञ निकोलाय झुकोव्स्की यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मॉस्कोच्या जलवाहिन्यांवर प्रयोग करून तिचा हिशेब मांडला: दाबातली वाढ म्हणजे लाटेचा वेग गुणिले पाण्याच्या वेगातला बदल, भागिले गुरुत्वत्वरण. लोखंडी पाइपमध्ये लाट साधारण १,००० मीटर प्रतिसेकंद वेगाने जाते. पाणी १ मीटर प्रतिसेकंदाने वाहत असेल आणि एकदम थांबलं तर जवळपास १०० मीटरचा दाब आधीच्या दाबावर चढतो. प्लास्टिकच्या पाइपमध्ये लाट बरीच मंद असते, त्यामुळे झटका निम्म्याहून कमी; पण प्लास्टिकची सहनशक्तीही कमी.

लाट टोकाला जाऊन परत येण्याआधी प्रवाह थांबला तर पूर्ण झटका बसतो. २ किलोमीटर लाईनसाठी हा वेळ ४ सेकंद. कुणी म्हणेल, हाताने ३८ फेरे द्यायला तर काही मिनिटं लागतात, मग भीती कसली? भीती अशी की पहिले तीस फेरे प्रवाह फारसा कमी होतच नाही. गेट बंद होण्याच्या शेवटच्या दहा-पंधरा टक्क्यांतच तो झपाट्याने पडतो. म्हणजे खरा ‘बंद करण्याचा वेळ’ शेवटच्या ५-६ फेऱ्यांचा, आणि यंत्राने हे फेरे काही सेकंदांत होतात. शेवटचे फेरे हाताने द्या.

उघडतानाही तेच. रिकामी लाईन भरताना पाण्याचा वेग ०.३ मीटर प्रतिसेकंदाच्या आसपास ठेवा. ३०० मिमीची १ किलोमीटर लाईन या वेगाने भरायला सुमारे ५५ मिनिटं लागतात. वरून फोन येतील, येऊ द्या. घाईने भरलेल्या लाईनमध्ये हवा कोंडते आणि दुरुस्त केलेला जोड दुसऱ्या दिवशी दुसरीकडे फुटतो.

बाकीचे प्रकार, थोडक्यात

बटरफ्लाय व्हॉल्व्हला (पाइपमध्ये फिरणाऱ्या चकतीने पाणी अडवणारा) फेऱ्यांचा वरचा नियम लागू नाही; फेरे गिअरबॉक्सवर ठरतात. त्याचा दर्शक काटा आंधळेपणाने मानू नका. गिअरबॉक्समधली किल्ली (गिअर आणि शाफ्ट जोडणारा तुकडा) तुटली तर काटा ‘बंद’ दाखवतो आणि आतली चकती उघडीच असते. थांब्याला टेकला की आणखी रेटू नका, ग्रीस तपासा, गिअरबॉक्समध्ये पाणी शिरलंय का बघा. जुन्या, आतून थर धरलेल्या पाइपमध्ये उघडी चकती पाइपच्या आत डोकावते आणि थरांना अडते, तेव्हा तिथे जोर लावण्याआधी विचार करा.

लाईनीतली हवा आतबाहेर करणाऱ्या एअर व्हॉल्व्हकडे सगळ्यात कमी लक्ष जातं आणि पाण्याच्या शुद्धतेच्या दृष्टीने तोच सगळ्यात धोक्याचा. लाईन रिकामी होताना तो हवा आत ओढतो. त्याचं चेंबर गटाराच्या पाण्याने भरलेलं असेल तर तेच पाणी लाईनीत ओढलं जातं. चेंबरचा निचरा हे एअर व्हॉल्व्हच्या देखभालीतलं पहिलं काम. दुसरं, त्याच्या खालचा छोटा व्हॉल्व्ह उघडा आहे ना ते बघणं. गळती थांबवायला कुणीतरी तो बंद केलेला असतो आणि विसरलेला असतो. चाचणी सोपी: खालचा व्हॉल्व्ह बंद करा, दाब सोडा, हळूच उघडा. हवा फुसकारून बाहेर पडली पाहिजे आणि पाणी येताच तोंड मिटलं पाहिजे. पाणी गळतच राहिलं तर बहुधा बैठकीवर वाळूचा कण आहे.

पाणी उलटं येऊ न देणाऱ्या नॉन रिटर्न व्हॉल्व्हची परीक्षा पंप बंद करताना होते. धाडकन आवाज आला तर झडप उशिरा मिटतेय. पंपाचा शाफ्ट उलटा फिरला तर ती मिटतच नाहीये.

दाब कमी करणारा पीआरव्ही मात्र निवांत बघायचा. दोन्ही बाजूंना चांगले दाबमापक हवेत. मागणी कमी असताना त्याच्या पुढचा व्हॉल्व्ह बंद करा. दोघांच्या मधला दाब ठरवलेल्या आकड्याच्या किंचित वर जाऊन स्थिर राहिला पाहिजे. तो सरकत सरकत वरच्या दाबापर्यंत चढला तर बैठक, डायफ्रॅम (आतला रबरी पडदा) किंवा पायलट (त्याला चालवणारा छोटा व्हॉल्व्ह) यांपैकी काहीतरी गळतंय. दाब खालीवर हिंदकळत असेल तर आधी पायलटची बारीक जाळी साफ करा. बऱ्याच तक्रारी तिथेच मिटतात. आतून खडी उकळल्यासारखा आवाज येत असेल तर पाण्यातल्या वाफेच्या पोकळ्या फुटून धातू खाल्ला जातोय. वरचा दाब खालच्याच्या तिपटीपेक्षा जास्त असेल तर ही शंका आधी घ्या. एका पीआरव्हीवर भागवण्याऐवजी दाब दोन टप्प्यांत उतरवावा लागतो.

ठरावीक वेळीच पाणी सोडणाऱ्या जाळ्यात दुखणं वेगळं असतं. तिथले व्हॉल्व्ह न फिरून अडकत नाहीत, फिरून फिरून झिजतात. रोज एकदा उघडणं आणि एकदा बंद करणं म्हणजे वर्षाला ७३० वेळा चावी. त्यात दाब वाटून घेण्यासाठी स्लुइस व्हॉल्व्ह अर्धवट उघडा ठेवायची सवय. स्लुइस व्हॉल्व्ह पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंद ठेवण्यासाठीच बनवलेला असतो. अर्ध्यावर गेट थरथरतं आणि बैठक खाल्ली जाते. तिथे ग्लँड आणि नटाचे सुटे भाग कायम साठ्यात ठेवा.

ग्लँडची दोरी

जागेवर होणारी सगळ्यात नेहमीची दुरुस्ती हीच, आणि बहुतेकदा अर्धवट होते. जुन्या दोरीवर नवी दोरी ठेवून नट आवळायचा, हा शॉर्टकट महिन्याभरात परत गळतो.

लाईन दोन्ही बाजूंनी बंद करून दाब उतरवा. काही व्हॉल्व्ह पूर्ण उघडल्यावर आतून मिटतात आणि दाबावरही दोरी बदलता येते, पण जुन्या व्हॉल्व्हच्या त्या आतल्या बैठकीवर मी विसंबत नाही. ग्लँड उचला, हुकने तळापर्यंतची सगळी जुनी दोरी काढा, स्पिंडल पुसा. त्यावर चरे असतील तर नवी दोरीही टिकणार नाही. नवी दोरी स्पिंडलभोवती गुंडाळून तिरक्या छेदाने एकेक कडं कापा, सलग वेटोळी भरू नका. प्रत्येक कड्याचा जोड आधीच्यापासून पाव ते तिहाई फेरा पुढे ठेवा. दोन्ही नट आळीपाळीने, थोडे थोडे आवळा. दाब आल्यावर दोन-चार थेंब आले तर घाबरू नका, व्हॉल्व्ह फिरवून मग शेवटचं आवळणं करा. फार आवळला तर चावी जड होते आणि पुढचा माणूस पाइप घालतो.

बॉनेटच्या बोल्टना मात्र लाईनीत दाब असताना पाना लावू नका. वरून बरा दिसणारा बोल्ट मध्ये दोरीइतका बारीक झालेला असू शकतो.

नोंद

महत्त्वाच्या यादीतले व्हॉल्व्ह वर्षातून एकदा पूर्ण फिरवा, बाकीचे तीन ते पाच वर्षांत एकदा तरी. माणसं कमी असतील तर वर्षाची फेरी सगळ्यांवर पातळ पसरू नका. यादीतले वरचे शंभर पक्के करा.

नादुरुस्त सापडलेला महत्त्वाचा व्हॉल्व्ह त्याच दिवशी आणीबाणीच्या तक्त्यात लाल शाईने लिहिला गेला पाहिजे आणि त्याच्या ऐवजी कोणते बंद करायचे तेही तिथेच. बदलण्याचं काम मंजूर व्हायला महिने लागतील. फूट तेवढी थांबत नाही.

नोंद कशी असावी? ही एक माझ्या वहीतल्या धर्तीवरची:

‘३०० मिमी स्लुइस. बंद: उजवीकडे. कायम स्थिती: उघडा. आलो तेव्हा: ३२ फेरे बंद. बंद करायला उरलेले: ६, जड, खरखरीत, तीनदा धुतला. उघडायला: ३८, हलका. सोडला: पूर्ण उघडा, अर्धा फेरा मागे. पास: किंचित, काम होतं. ग्लँड: थेंब, दोरी बदलायची. चेंबर: पाणी होतं, उपसलं. ऑक्सिजन २०.८. मोजणारा, लिहिणारा: दोघांच्या सह्या.’

यातलं ‘आलो तेव्हा: ३२ फेरे बंद’ वाचा पुन्हा. त्या भागातून वर्षभर कमी दाबाच्या तक्रारी येत होत्या आणि मोठी लाईन टाकायचा प्रस्ताव तयार होता.